नीबियाचे सहा डॉक्टर

नीबिया ओलास्कोआगाला राग आला की ती आधी चष्मा काढते आणि झग्याच्या कडेला पुसते. काचा स्वच्छ असल्या तरी पुसते. तेवढ्या वेळात समोरच्याने निघून जावं, असा त्याचा अर्थ. मीनास गावात आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या नवऱ्याला, एबेरला, तेवढं चाळीस वर्षांत कळलेलं नाही.

एकतीस वर्षं ती इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीवर होती. डॉक्टरांचे पांढरे कोट तिच्या हातून जायचे. डाग कसला आहे ते ती त्याच्या कडेवरून ओळखायची. रक्ताची कड वेगळी, आयोडिनची वेगळी, कॉफीची वेगळी. कोणता डॉक्टर उभ्याने जेवतो, कोणाच्या खिशात पेन गळतं, कोण बाहीला नाक पुसतो, सगळं तिला पाठ. ती निवृत्त झाली त्या दिवशी निरोपाला आलेल्या सहा डॉक्टरांतल्या एकालाही तिचं नाव आठवलं नाही. एकाने तर तिला निरोप देताना नोर्मा म्हटलं. तो राग तिने वाया जाऊ दिला नाही. शिवणाच्या खोलीत गांजाची सहा झाडं लावली तेव्हा त्यांना त्या सहा डॉक्टरांची नावं दिली आणि रोज सकाळी सातला दिवा लावला की एकेकाची हजेरी घ्यायला लागली. "डॉक्टर बेरुएता, मान सरळ ठेवा. डॉक्टर इत्सा, तुम्हाला काल पाणी दिलं होतं, आज काय तोंड पाडून बसलात?"

झाडं होती तिच्या थोरल्या बहिणीसाठी. झुल्माची हाडं आतून पोखरली आहेत. गोळ्या पोटात टिकत नाहीत. नीबिया त्या फुलांचं तेल काढते, त्याचे चार थेंब जिभेखाली ठेवले की झुल्मा सकाळपर्यंत झोपते. आमच्या देशात कायद्याने घरात सहाच झाडं ठेवता येतात, नोंदणीचा कागद दाराच्या आतल्या बाजूला टाचलेला आहे. नीबिया वर्षातून एकच पीक घेते, एप्रिलमध्ये. जुनी बाटली तळाला आली होती. हे पीक हातचं गेलं असतं तर झुल्माचा सगळा हिवाळा, आमच्याकडे तो जूनमध्ये येतो, जागून गेला असता.

सुरुवातीला माझा याला विरोध होता, तो मी लपवत नाही. मी पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, कुंड्यांची काळजी करण्यापेक्षा त्या आजारी बाईजवळ जाऊन बस. म्हणून मी रोज पाचला माझा माटेचा, म्हणजे कडू पाल्याच्या चहाचा, तुंबा आणि गरम पाण्याचा थर्मास काखेत मारून जायला लागले. झुल्माच्या उशाशी बसून आम्ही दोघी जपमाळ पुरी करायचो, मधे मधे माटेचा घोट. नीबिया त्या वेळी बाजारात किंवा स्वयंपाकघरात. देवाशी तिचं फारसं जमत नाही. तो पण डॉक्टरच आहे म्हणते, नाव विचारत नाही.

फुलोऱ्याच्या पाचव्या आठवड्यात पानं बिघडली.

खालची पानं पिवळी पडतात त्याला नीबिया घाबरत नाही. फुलं धरायला लागली की झाड आपल्या जुन्या पानांतलं नत्र ओढून वर पाठवतं, पान रिकामं होऊन गळतं. पण या वेळचा पिवळेपणा शिरांच्या मधल्या जागेतून वर चढत होता. शिरा हिरव्या, मधलं पान फिकट, आणि सगळं झाड मलूल. एबेर पंखा दुरुस्त करायला आला होता. त्याने लांबूनच निदान केलं. "अगं, भूक लागलीय त्यांना. खायला घाल. फुलं धरायची म्हणजे गरोदर बाईसारखं आहे."

नीबियाने कधी नव्हे ते त्याचं ऐकलं. तिने खताच्या दुकानदाराने, आल्सिदेसने, दिलेली बाटली आणली आणि दुप्पट मात्रेने दिली. चार दिवसांत वरची पानं काळपट हिरवी झाली, टोकं खाली वळून घारीच्या नखांसारखी दिसायला लागली. मग टोकं करपली, इस्त्री विसरून ठेवल्यावर करपतं तशी.

तिने चष्मा पुसला आणि मला म्हणाली, चल. तिने दाखवायला तोडलेलं पान सुरकुतू नये म्हणून मी ते माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. दुकानात आल्सिदेसने ते हातातसुद्धा घेतलं नाही, शेल्फावरून दुसरी बाटली काढून पुढे सरकवली. मॅग्नेशियम कमी असणार, म्हणाला, सगळ्यांना हीच लागते. नीबिया इतक्या हळू बोलली की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं गप्प झाली.

"डाग न बघता साबण विकतोस तू. माझ्या धुलाईघरात तुला मी मोजे धुवायलाही उभं केलं नसतं."

बाटली तिथेच ठेवून ती परत आली. त्या पानाचा हिरवा डाग माझ्या पुस्तकात एका स्तोत्रावर पडला आहे, तो अजून आहे.

घरी येऊन तिने जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं ते केलं. एकेक कुंडी उचलून पाहिली. तीन दिवस पाणी दिलं नव्हतं, तरी कुंड्या दगडासारख्या जड. वर ओल टिकावी म्हणून तिने पेंढ्याचा थर दिलेला असतो, त्याच्यावर बारीक चिलटं उडत होती. ती म्हणाली, मुळं बुडालीत. बुडालेल्या मुळांना वरून खत घातलं मी, बुडणाऱ्याच्या तोंडात भाकरी कोंबावी तसं. आणि मग म्हणाली, हे एबेरचं काम. येतो, पंखा बघतो आणि मला न विचारता पाणी घालतो.

मी तिथेच उभी होते. आणि मला त्याच क्षणी कळलं होतं की हे एबेरचं काम नाही.

आमच्याकडे कोणत्याही घरात माटेचा तुंबा रिकामा करायचा तर चोथा कुंडीत जातो. जिरेनियमच्या, गुलाबाच्या, जी जवळ असेल तिच्यात. माझी आई तसंच करायची. हाताला ते विचारावं लागत नाही. झुल्माच्या खोलीतून बाहेर पडायची वाट शिवणाच्या खोलीतून आहे. जपमाळ संपली की मी जाताना पेंढा उचलायची, तुंबा कुंडीच्या काठावर आपटायची, चोथा पसरून वर पेंढा नीट झाकायची. रोज एकेका डॉक्टरला, कोणी वगळला जाऊ नये म्हणून. दीड महिना. आणि वर मनात म्हणायची, देवा, या झाडांना बळ दे.

नीबियाने एबेरला दारातूनच परतवून लावलं. तो घरी येऊन शपथा घेत राहिला की त्याने त्या कुंड्यांना थेंबभर पाणी घातलं नाही, आणि मी त्याला म्हटलं, तुझं नेहमीचंच आहे, सगळ्यात नाक खुपसतोस. हे मी म्हटलं. दोन दिवस मी त्याला फुगून जेवण वाढलं, मीच अपराधी आहे हे दिसू नये म्हणून. माझ्या वहीत त्या दोन दिवसांची पानं कोरी आहेत. रोज लिहिते, पण त्या दोन दिवसांत देवाला वाचता येईल असं काही सुचलं नाही. राग यायचा तो नीबियाचाच यायचा. एवढं काय त्या झाडांचं, असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी पाचला गेले तर नीबिया कात्री घेऊन उभी. डॉक्टर इत्सा आणि त्याच्या शेजारचा, दोघांच्या सगळ्यात जाड तुऱ्यांत करडी बुरशी शिरली होती. खोलीत ओल कोंडली की ती येते. तिने तुरा मधून उघडून दाखवला, आत राखेसारखं.

मग मी सांगितलं. उभ्या उभ्याच, तुंबा हातात.

तिने चष्मा काढला. पुसला. मी गेले नाही. तिने परत पुसला.

"चोथा टाकलास याचा मला राग नाही," ती म्हणाली. "तो मी स्वतःसुद्धा टाकला असता, आपले हातच तसे. पण दोन दिवस, एलिदा. परवा बोलली असतीस तर ही दोन झाडं उभी राहिली असती. तू माझ्या बहिणीच्या उशाशी बसून माळ ओढत होतीस आणि तुला माहीत होतं."

मी म्हटलं, मला माफ कर.

"माफीचं खातं तुझ्या पाद्रीकडे. माझ्याकडे चमचा आहे. घे."

दोन झाडं तिने मुळासकट पिशवीत घालून बाहेर काढली. बाकी चार कुंड्यांचा पेंढा काढून मी गुडघ्यावर बसून चमच्याने चोथा खरवडला. काळा झालेला, एकमेकांत घट्ट विणलेला, आंबूस वासाचा. त्याखाली माती श्वास घेत नव्हती. ती माझ्या डोक्यावर उभी राहून सांगत होती, मूळ दिसलं की थांब, ते दोरा आहे असं समज. मग पंखा लावला आणि कुंडी हलकी होईपर्यंत, चार दिवस, पाण्याचा थेंब नाही. मग साधं पाणी, भरपूर, खालून निथळेल इतकं. निथळलेलं पाणी मी परातीत धरायची आणि ती त्यात आंबटपणा बघायची पट्टी बुडवायची. पहिलं पाणी चहासारखं आलं. पट्टीचा रंग हवा तसा येईपर्यंत आम्ही साबण काढतात तसं खळबळत राहिलो. मग परत वाळवण, आणि त्यानंतर खत दिलं ते अर्ध्याहून कमी. करपलेली टोकं सुधारत नाहीत. नवीन पान कसं येतं तेवढं बघायचं, ती म्हणाली. नवीन पानं सरळ आली.

एबेरला मी स्वतः सांगावं अशी तिची अट होती. सांगितलं. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी निर्दोष निघालो," तो म्हणाला, "आणि तूच साक्षीदार, तूच चोर." अजून तो सकाळचा पाव स्वतःच्या हाताने कापून घेतो.

एकोणीस एप्रिलला सारं गाव वेर्दूनच्या डोंगरावर मातेच्या दर्शनाला जातं. लग्नानंतर मी एकदाही चुकवलं नव्हतं. या वर्षी त्याच दिवशी चार झाडं कापायला आली. मी नीबियाच्या स्वयंपाकघरात फुलांभोवतीची पानं कातरत बसले. खिडकीतून भजनं म्हणत जाणारी माणसं दिसत होती. नीबियाने एकदा बाहेर पाहिलं आणि म्हणाली, डोंगर कुठे पळत नाही, कातर.

झुल्माला आम्ही खुर्चीत बसवून तिथेच आणलं होतं. ती बराच वेळ आमचे हात बघत होती. मग हसून म्हणाली, ते टक टक बंद झाल्यापासून करमत नाही. कसलं टक टक, नीबियाने विचारलं.

"एलिदा जाताना तुंबा कुंडीवर आपटायची ना. रोज. मला छान वाटायचं, आईच्या अंगणासारखं."

"तुला ऐकू यायचं."

"मग. मला वाटलं तूच सांगितलं असशील. आणि समजा नसेल, तर तुला कळल्यावर तू हिला दाराबाहेर काढली असतीस. मग पाचला माझ्याजवळ कोण बसलं असतं?"

नीबियाने कात्री खाली ठेवली, चष्मा काढला आणि झग्याच्या कडेला पुसायला लागली. झुल्माला खुर्चीतून उठता येत नाही आणि मी उठले नाही. नीबिया पुसतच राहिली.

"हाडं तुझी आहेत," शेवटी ती बहिणीला म्हणाली. "ऑगस्टपर्यंत पुरेल एवढंच तेल निघणार आहे. सप्टेंबरमध्ये ओरडशील तेव्हा ऐकायला मी एकटी असेन."

"मी असेन," मी म्हटलं.

"तू असशीलच. तुझी सुटका नाही."

आता तिच्या दाराबाहेर एक मोडकी खुर्ची ठेवलेली आहे. तुंबा आणि थर्मास मी तिथे ठेवते, मगच आत जाते. पाचला दोन मिनिटं उशीर झाला तर ती गल्लीत येऊन उभी राहते आणि चष्मा पुसते.