शिडाचं पोट

देवरावानं शिवलेल्या कनातीत कोणी सुरकुती दाखवली, तर तो मिशा काढून द्यायला तयार असे. इतवारी पेठेत तंबू शिवता शिवता पंचवीस वर्षं गेली. मिशा शाबूत होत्या.

म्हणून तर विलायतेहून परतलेल्या बॅरिस्टर मधुसूदनरावांनी आपल्या होडीचं शीड त्याच्याकडे दिलं. तिकोनी शीड. "वारा समोरून असला तरी होडी तिरकी तिरकी पुढं काढता येते, आय से!" बॅरिस्टर प्रत्येक वाक्यावर 'आय से' भुरभुरत.

देवरावानं ते इतकं सपाट शिवलं, की टिचकी मारली तर डफासारखं वाजावं.

तेलंखेडीच्या तलावावर होडी वाऱ्याबरोबर झोकात पलीकडे गेली, पण परत येईना. नुसती फडफड, आणि आडवी घसरून काठाला. शेवटी बांबूनं ढकलत आणली.

"आय से, देवराव, रविवारी पुन्हा बघू. नाही जमलं तर शीड मुंबईहून मागवतो. आमच्या ताईच्या लग्नाचा मांडवही मग दुसऱ्याला सांगावा म्हणतो."

त्या मांडवावर देवरावाचा सगळा उन्हाळा अवलंबून होता. घरी येऊन त्यानं शीड अंगणात पसरलं आणि त्याच्याकडे बघत बसला. त्याची बायको रंभाबाई ओसरीवर चोळी शिवत होती.

"अवो, जेवून काहून नाही राहिले?"

"शीड बिघडलं वं. पन सुरकुती तर एक नाही!"

"थेच तं!" रंभाबाई हातातली चोळी नाचवत उठली. "हे पाहा. कापड सपाट, पन बाई सपाट राह्यते का? म्हनून मी कापड दुमडून चिमटे घेतो. याच्यात हवा भराची, तं याले पोट नको?"

"पोट आलं का पानी साचते!"

"तंबूत. तलावात कोन मांडव घालून राह्यलं?"

देवरावानं कात्री उचलली. मग दोघांनी डोलकाठीकडच्या कडेला शिवणी उसवल्या आणि प्रत्येक पट्ट्याला निमुळता चिमटा घेतला. प्रत्येक चिमट्याला देवराव असा कण्हे, जणू सुई त्यालाच टोचतेय.

रविवारी शीड चढलं, ते ढगळ, चुण्या पडलेलं. "हे काय गबाळं, आय से?" देवरावानं आपोआप मिशीवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

फडफड ऐकू आली. मग थांबली. बराच वेळ काहीच नाही.

डोळे उघडले तर पलीकडच्या काठाशी शीड गरोदर बाईसारखं फुगलेलं, होडी एका कुशीवर कललेली आणि वाऱ्याकडे तिरकी निघालेली! मध्येच वळली, दुसऱ्या अंगानं तिरकी झाली, पुन्हा वळली, आणि अशी करत करत त्याच्या पायांशी येऊन लागली. बांबू काठावरच पडून होता.

बॅरिस्टर चिंब भिजलेले, टोपी गायब. "मांडवाचं माप घ्यायला उद्या या! कोणी शिकवलं हे?"

"घरवालीनं, साहेब. चोळ्या शिवते."

बॅरिस्टर 'आय से' म्हणायचंही विसरले.

देवराव तिथंच गवतात बसला. आठवड्यात पहिल्यांदाच त्याला भूक लागली होती. त्यानं रंभाबाईनं दिलेलं भाकरीचं गाठोडं सोडलं, आणि खाता खाता दर घासाला मिशी चाचपून पाहिली.