चौथ्या पानावर नसलेली बातमी

सोमवारी सकाळी नागोजीराव जी बातमी वाचत होते, ती त्यांच्या हातातल्या पानावर नव्हती.

मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. पान चौथं होतं. वर पाणीपुरवठ्याच्या कामाची निविदा, खाली श्रद्धांजलीचे फोटो. नागोजीराव खणखणीत आवाजात वाचत होते, "बैलकुप्पेच्या संघानं नवज्योतीवर चार विरुद्ध एक असा विजय मिळवला. उत्तरार्धात गोलरक्षक गगन याच्या डोळ्यांवर ऊन आल्यामुळे दुसरा गोल झाला."

गगन बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. तो म्हणाला, "पेपरवाल्याला कसं कळलं मामा, माझ्या डोळ्यांवर ऊन आलं ते?"

"त्याला डोळे आहेत. तुला असते तर तिसरा तरी अडवला असतास."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. रविवारच्या त्या सामन्याला एकही वार्ताहर आला नव्हता. गोलच्या जाळीमागे एकटे नागोजीराव बसले होते.

नवज्योती फुटबॉल क्लब म्हणजे म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये टायरच्या दुकानामागची एक खोली. दोन बाकं, एक कॅरम, एक खुर्ची, तीन पेपर. सकाळचा सराव संपला की मुलं घामेजल्या अंगानं तिथं येतात, चहा पितात आणि नागोजीराव त्यांना पेपर वाचून दाखवतात. कन्नड पेपर, कन्नडमधली थट्टा. मी इथं मराठीत लिहितो आहे इतकंच. नागोजीराव आणि मी मात्र एकमेकांशी मराठी बोलायचो, घरात बोलतात तशी, अर्धी कन्नड मिसळलेली. त्यांच्या खापरपणजोबांना घोड्यावर बसवून कुणीतरी इकडं आणलं. माझ्या पणजोबांना शाळेतली नोकरी घेऊन आली. आमच्यात चाळीस वर्षांचं अंतर होतं, तरी मैत्री होती.

मी साहित्यात एम.ए. केलं आणि घरी बसलो. नोकरीच्या जाहिराती बघायला क्लबात जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हटकलं होतं. "मनातल्या मनात वाचतोस? मग घरी जाऊन वाच की. इथं वाचायचं तर मोठ्यानं."

रेल्वेच्या वर्कशॉपात ते फिटर होते. फुटबॉल कधी खेळले नाहीत. बाराव्या वर्षी मैदानाच्या कडेला बसले, ते तिथंच राहिले. पेपरविषयी त्यांची ठाम मतं होती. एकट्यानं वाचलेली बातमी अर्धीच असते, कारण तिला कुणी उलटून बोलत नाही. राजकारण दहा मिनिटं, खेळ वीस. क्लब जिंकला तर फक्त मथळा वाचायचा आणि पेपर बाजूला ठेवायचा. हरला तर पूर्ण बातमी, एक शब्द न गाळता, आणि ती नागोजीरावांनीच वाचायची. हरलेल्या खेळाडूंनी ती ऐकेपर्यंत चहाला हात लावायचा नाही. ही रीत त्यांनीच घातली होती. तीस वर्षांत ती कुणी मोडली नव्हती.

आदल्या आठवड्यात ते पेपर वाचत नव्हते. चष्मा दुरुस्तीला दिलाय म्हणाले. मुलं आळीपाळीनं वाचायची. पण सोमवार हरल्याचा होता. सगळे त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी पेपर उचलला.

वाचून झाल्यावर गगननं कात्री आणली. हरल्याचीही कात्रणं क्लबाच्या वहीत चिकटवतात. "द्या मामा, कापून घेतो."

नागोजीरावांनी पेपरची घडी केली. आणखी एक घडी केली. काखेत घातला. "घरी वनजाला दाखवायचाय. उद्या देतो."

ते बाहेर पडले. मी मागोमाग गेलो.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही बसलो. मी विचारलं, "मामा, कुठल्या पानावर होती बातमी?"

"दिसली नाही तुला? एवढं शिकून?"

"चौथ्या पानावर निविदा होती."

त्यांनी काखेतला पेपर टेबलावर ठेवून त्यावर तळहात पसरला. "विशू, बैलकुप्प्याला तिबेटी मठांच्या भिंतींवर लिहिलेलं असतं बघ. आपण बघतो. सुंदर दिसतं. वाचता येत नाही. तसं झालंय सगळं."

"कन्नड?"

"कन्नड, इंग्लिश, आपलं मराठीसुद्धा. कालच्या नव्हे, त्याच्या आदल्या रविवारी सकाळी उठलो, पेपर उघडला, सगळं बैलकुप्पे."

मी त्यांना बिलाच्या पाठीवर काहीतरी लिहायला सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. त्यांनी माझं पेन घेतलं आणि झरझर लिहिलं. कन्नडमध्ये, वळणदार अक्षरात. नवज्योती हरली, चार-एक. मी चिठ्ठी उचलून त्यांच्यासमोर धरली.

"काय लिहिलंय मामा?"

ते बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. "तूच सांग," ते म्हणाले.

माणूस आंधळा झाला तर ते समजतं. लिहिलेलं त्याच क्षणी परकं होतं, हे मला समजेना.

"डॉक्टरकडं जाऊ. आत्ता."

"नको." त्यांनी माझं मनगट पकडलं. "आमचा दत्तोजी असाच गेला होता डॉक्टरकडं. माझा थोरला भाऊ. हात बधिर झाला म्हणून दाखवायला गेला, तो तीन वर्षं खाटेवर होता. क्लबात त्याला कुणी काढलं नाही. त्याची खुर्ची आज सरकली, उद्या सरकली, मग तिच्यावर मी बसायला लागलो. मीच, रे." ते थांबले. "वनजाला कळलं तर उंबऱ्याबाहेर सोडणार नाही. कुणाला सांगणार नाहीस म्हण."

"मामा—"

"म्हण."

मी म्हणालो, सांगणार नाही.

दुपारी मी मोबाइलवर शोधलं. अशा आजाराला नाव होतं. मेंदूकडं जाणारं रक्त कुठंतरी अडतं, वाचणं जातं, लिहिणं राहतं. खाली एक ओळ होती. असा एक झटका येऊन गेलेल्याला दुसरा येण्याची भीती पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असते. ती ओळ मी पुनःपुन्हा वाचली. मला वाचता येत होतं. तरीही मी उठलो नाही.

मी दुसरंच केलं. फोनवर ठरवून मंगळवारी सकाळी सहा वाजता चामराजपुरम स्टेशनच्या फलाटावरच्या बाकावर त्यांची वाट बघितली. पेपर विकत घेतला होता. मी वाचत गेलो, ते डोळे मिटून ऐकत गेले. मथळे, पहिला परिच्छेद, आकडे. एकदा ऐकलं की त्यांना पाठ व्हायचं. साडेसातला क्लबात त्यांनी पेपर डोळ्यांसमोर धरला आणि सगळं म्हणून दाखवलं. योग्य जागी पान उलटलं. मी समोर बसून खुणेसाठी खोकायचो.

कात्रणाचं गगननं विचारलं. "वनजानं त्यात कढीपत्ता बांधला," नागोजीराव म्हणाले. गगन हळहळला.

लपवायला नको म्हणून लिहितो. मंगळवारी मला आनंद झाला होता. आमचं जमलं म्हणून. बुधवारीही झाला. फलाटावर ते म्हणाले, "तू बरा वाचतोस की. थोडा सपाट वाचतोस, पण बरा." मला ते प्रशस्तिपत्र वाटलं. घरी गेल्यावर मात्र फोन वाजला की आधी वनजामामींचा तर नाही ना, ते बघायचो.

गुरुवारी चहा आला. कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला होता. त्यांनी कोपर टेकलं आणि कप पडला. "कुणी ठेवला इथं?" ते ओरडले. चहावाला मुलगा म्हणाला, तुमच्यासमोरच ठेवला की मामा. निघताना त्यांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीला लागला. त्यांनी चौकटीकडं वळून बघितलं, जणू ती आज नव्यानं बसवली होती.

रस्त्यात मी म्हणालो, "मामा, आता पुरे. उजवीकडचं दिसत नाहीये तुम्हाला."

"सुम्ने, गप्प बस. रविवारी मॅच आहे. त्यानंतर बघू."

मी त्यांना दारापर्यंत सोडून परतलो.

शुक्रवारी फलाटावर मी वाचलं तेव्हा ते नीट ऐकत होते असं मला वाटलं. क्लबात त्यांनी पेपर उघडला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. जिल्हाधिकाऱ्यांची बैठक. उसाचा ट्रक उलटला. दोन हत्ती गावात शिरले. मी खोकलो. ते थांबले नाहीत. हे सगळं बुधवारचं होतं, शब्दन् शब्द.

गगन हसायला लागला. "मामा, हे हत्ती परवाच येऊन गेले. परत आले?"

मुलं हसली. कुणीतरी म्हणालं, आवडलं असेल त्यांना म्हैसूर. नागोजीराव पानाकडं बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि मला शोधलं. मी समोरच होतो. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मी पहिल्यांदा बघितली. आतापर्यंत ती फक्त माझ्याकडं होती असं मी समजत होतो.

"त्यांना वाचता येत नाहीये," मी म्हणालो.

"काय?" गगननं विचारलं.

"अक्षरं कळत नाहीत त्यांना. मी रोज सकाळी वाचून दाखवतो, ते पाठ करतात. सोमवारची बातमी पेपरात नव्हतीच. त्यांना दवाखान्यात न्यायला हवं."

नागोजीरावांनी पेपर मांडीवर ठेवला, सावकाश, कडा जुळवून. "विशू," ते म्हणाले.

गगन रिक्षा चालवतो. त्यानं एका पायात बूट असतानाच रिक्षा दाराशी आणली. दोघांनी धरून त्यांना बसवलं. वाटभर ते बाहेर बघत होते. दुकानांच्या पाट्या सरकत होत्या.

डॉक्टरबाईंनी मेंदूचा स्कॅन काढायला पाठवलं. मग मला विचारलं, "कधीपासून?"

"बारा दिवस झाले."

त्यांनी लिहिणं थांबवलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिल्या काही तासांत आला असतात तर बरंच करता आलं असतं. आता दुसरा येऊ नये एवढंच बघायचं. औषध सुरू करते. हे चारपाच दिवसांपूर्वी सुरू केलं असतं तरी फरक पडला असता."

वनजामामी आल्या तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होतो. त्यांच्या हातात थैली होती. थैलीत टॉवेल, धोतर, थर्मास. त्या माझ्याशेजारी बसल्या.

"तुला कधी कळलं रे?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार," त्या म्हणाल्या. "चष्मा दुकानात आहे सांगायचे मला. मी दोनदा विचारून आले दुकानात. तिथं नव्हताच. मला वाटलं कुठंतरी हरवलाय आणि लाजतायत. तू रोज बघत होतास आणि येऊन सांगितलं नाहीस?"

"त्यांनी वचन घेतलं होतं."

"त्यांनी घेतलं. तू दिलंस."

त्या उठून आत गेल्या.

दुसरा झटका शनिवारी पहाटे आला. वॉर्डातच आला म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाल्या. उजवा हात गेला. बोलणं सात दिवस गेलं, मग तुकड्यातुकड्यानं आलं. आता वाचता येत नाही आणि लिहिताही येत नाही.

तीन आठवडे मी त्यांच्या घरी गेलो नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो आणि परतायचो. ते मला हाकलतील याची भीती होती. मी सगळ्यांसमोर त्यांना उघडं पाडलं होतं. ज्या खोलीत पन्नास वर्षं काढली, तिथंच. क्लबात जाणंही बंद केलं. गगनचे फोन घेतले नाहीत.

परवा वनजामामींनीच निरोप पाठवला. विचारतायत, ये.

ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. दाढी वाढली होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मी खुर्ची ओढली. क्लबाबद्दल बोलावं की नाही, कळेना. नवज्योतीनं पुढची मॅच बरोबरीत सोडवली होती, हे मला फक्त ऐकून माहीत होतं.

"मामा, चुकलो," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर बोलायला नको होतं."

त्यांनी डावा हात हलवला. ते नको, अशा अर्थानं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हॉटेलात," ते म्हणाले. थांबले. "मी म्हटलं. सांगू नको."

"हो."

"मी भ्यालो होतो, रे." पुन्हा थांबले. डोळे माझ्यावरच होते. "तू का ऐकलंस?"

फलाटावर त्यांना वाचून दाखवणं मला आवडायला लागलं होतं, हे सांगायला मी शब्द जुळवू लागलो. मामी दारातून हलल्या नाहीत. त्यांनाही ते ऐकायचं होतं.