मिटलेले डोळे

हंपीच्या सहलीची डीव्हीडी टीव्हीवर सुरू होती आणि माझी आत्या खुर्चीच्या कडेला येऊन, चष्मा पुन्हा पुन्हा पुसत बघत होती. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसून मी फोटो निवडले होते, मागे सतारही लावली होती. दगडी रथ आला, हत्ती तर तीन बाजूंनी आला. दर फोटोला आत्या जरा पुढे सरकायची. तेव्हा कळलं, ती स्वतःला शोधत होती.

फोटो काढताना आत्याचे डोळे हटकून मिटतात. ‘खराब’ म्हणून तिचे सगळे फोटो मी गाळले होते. खराब म्हणजे काय, कोण जाणे! रणरणत्या उन्हात माझा हात धरून ती तिथल्या देवळाच्या पायऱ्या चढली होती. पापणी लवली एवढ्यावरून मी तिला सहलीतूनच उतरवलं.

डीव्हीडी संपली. शेजारच्या काकूंनी विचारलं, “आत्या, तुम्ही गेला नव्हतात का हो?”

“गेले होते की! मग फोटो कोण काढणार? मीच काढत होते.”

आत्याने आयुष्यात कधी कॅमेरा हातात धरलेला नाही. डीव्हीडी काढायच्या निमित्ताने मी सगळ्यांकडे पाठ करून बराच वेळ टीव्हीपाशीच बसून राहिलो.