लिंबावरचा बिल्ला

फोन आला तेव्हा मी बीडला पाइपांच्या दुकानात होतो, आमच्याच नव्या विहिरीसाठी. “नानांवर विहिरीचा कडा आला...” एवढंच गडी म्हणाला. मी त्याला चक्क शिवी हासडली. दुसरं कुणीही त्याखाली सापडेल, पण नाना? महिना होत आला, अजून मला ते खरं वाटत नाही.

नाना माझे धाकटे चुलते. उभी नोकरी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत गेली. काम एकच, सगळ्यांच्या आधी आत जाऊन काठीनं छत ठोकायचं. खणखणीत वाजलं तर माणसं आत, बद्द वाजलं तर बाहेर. निवृत्त होऊन नेकनूरला आले, तरी हात थांबेना. लग्नात मांडवाचा खांब ठोकूनच जेवायला बसायचे. आम्ही पोट धरून हसायचो.

यंदा विहीर काढली आणि नानांनी तिथं खाणीची शिस्त लावली. बांधावरच्या कडुलिंबाला खिळे ठोकले, पत्र्याच्या बिल्ल्यांवर प्रत्येकाचं नाव रंगवलं. उतरताना आपला बिल्ला खिळ्याला लावायचा, वर आल्यावर ज्याचा त्यानंच काढायचा. एकही बिल्ला लटकत असला तर सुरुंग उडवायचा नाही. आणि सुरुंगानंतर कडा ठोकून नाना “या” म्हणेपर्यंत कुणी उतरायचं नाही. यात रोज निम्मी सकाळ जायची. आदल्या दिवशी मी वैतागलो, “नाना, ही खाण न्हाई, विहीर हाय. लई येळ जातोय.”

“दगडाला काय ठावं बे, खाण हाय का विहीर?”

त्या सकाळी ते एकटे उतरले. चौघे गडी वर थांबले. ठोकल्याचा आवाज येत होता... मग नाना ओरडले, “उतरू नका रे कुणी!” आणि कडा सुटला. ढिगाऱ्यातून नानांना बाहेर काढलं, तेव्हा सगळं संपलं होतं. चौघेही संध्याकाळी आपापल्या घरी जेवले. माझं बोलणं मनावर घेऊन नानांनी घाई केली का? हे विचारायला आता कुणी नाही.

आता गड्यांतला थोरला गोविंद कडा ठोकतो. कितीही वेळ लागो, मी चकार शब्द काढत नाही. परवा, नानांनंतर पहिल्यांदाच, सुरुंगवाला वात लावायला निघाला आणि लिंबाकडं बघून थबकला. “एक बिल्ला हाय की अजून.”

नानांचा होता. मी हात वर केला, तर गोविंदनं मनगट धरलं. “तुमी नगा काढू, मालक. ज्याचा त्यानं काढायचा.”

सुरुंग उडाला नाही. उरलेली विहीर आम्ही ब्रेकरनं हळूहळू फोडतोय. नाना अजून आत आहेत.