पाणी बंद ठेवलेला दिवस

परवा फोनवर तू विचारलंस, "अज्जी, पण तू पाणी का नाही प्यायलीस?" मी म्हणाले, "विसरले गं." मागून तुझा भाऊ ओरडला, "अज्जीला उंट व्हायचंय!" तुम्ही दोघं हसलात, मीही हसले आणि फोन ठेवला. पण मी विसरले नव्हते. तुमच्या बाबाला जे मोठ्या कष्टाने खरं सांगितलं, तेच तुम्हाला खोटं सांगून मी मोकळी झाले होते. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या आईने तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं आहे; मीही आमच्या घरातले कन्नड शब्द जमतील तेवढे बाजूला ठेवते. थोरलीने आधी वाचावं आणि धाकट्याला किती सांगायचं ते ठरवावं.

फेब्रुवारीत तुमचा बाबा ऑफिसच्या कामाला बेंगळूरूला आला आणि तिथून शनिवार-रविवार इथे माझ्या गावी येऊन राहिला. पहिल्याच रात्री, मी ताट वाढत असताना, त्याने टेबलावर एक चकचकीत रंगीत पुस्तिका ठेवली. बेंगळूरूच्या बाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारती. तिथे नर्स असते, जेवण आयतं मिळतं आणि न्हाणीघरात ओढायला घंटीची दोरी असते.

"नुसतं बघ तर खरं," तो म्हणाला.

"बघितलं. साकु, पुरे."

"अम्मा, अप्पा गेल्यापासून तू या घरात एकटी आहेस. तू पडलीस तर मला कळणार कसं? परदेशातून यायलाच मला एक दिवस लागतो."

"मी पडत नाही."

"सगळे असंच म्हणतात."

लष्कर मोहल्ल्यातलं हे घर काही मोठं नाही. तीन खोल्या, लाल कोब्याची जमीन, मागे एक कढीपत्त्याचं झाड. पण या जमिनीवरून मी डोळे मिटून चालू शकते. या वयात दुसऱ्या जमिनीची ओळख करून घ्यायची माझ्यात ताकद नाही. म्हणून मी त्याच्याशी पैज लावली. तो लहान असताना तुमचे आजोबा आम्हाला रविवारी गावभर पायी हिंडवायचे. तसंच उद्या हिंडू, सकाळच्या नाश्त्यापासून संध्याकाळच्या कॉफीपर्यंत, रिक्षा नाही. मी दमले तर तुझी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचीन. नाही दमले तर ती परत बॅगेत घाल.

"चालेल," तो म्हणाला. "मग रडायचं नाही हं."

आणि त्याच रात्री मी पाणी बंद केलं.

हे तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण तुमच्या बाबालाही ते ठाऊक नव्हतं. आपले पूर्वज, माझ्या माहेरचे आणि सासरचेही, इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. त्यामुळे दसऱ्याच्या मिरवणुकीला आमच्या घरातल्या बायकांची रस्त्याच्या कडेला एक ठरलेली जागा असायची. सकाळी जाऊन बसायचं, दुपारी हत्ती यायचे आणि गर्दी पांगेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. हललं की जागा गेली. मग बायकांनी करायचं काय? आदल्या रात्रीपासून पाणी बंद. माझी आजी चुलीजवळ हळूच म्हणायची, "पाणी बंद गं पोरींनो," आणि आम्ही मुली समजायचो. पुरुषांच्या कानावर ते कधी गेलं नाही. दसरा संपला तरी सवय राहिली. लग्न, प्रवास, शाळेची सहल, काहीही असलं की आदल्या रात्री पाणी बंद. पुढे मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मग आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं, वर्गाच्या भिंतीवर उत्सर्जनसंस्थेचा तक्ता लावू दिला, पण ही गोष्ट डोक्यातून गेली नाही.

आता तर कारणही तसंच होतं. गेली काही वर्षं मला धरवत नाही. खोकला आला, जिना चढले, मोठ्याने हसले की कपडे ओले होतात. डॉक्टरला दाखवलं नाही. घडी केलेलं कापड आणि गडद रंगाच्या साड्या, एवढाच माझा इलाज. त्या दिवशीही मी तपकिरी साडीच नेसले.

सकाळ फार छान गेली, हेही सांगते. जुन्या हॉटेलात पितळी हंडीवर हार घातलेला होता. डोसा आला तो लोण्याचा गोळा घेऊन, कडेला कुरकुरीत आणि मधे मऊ. तुमचा बाबा पहिल्या घासाला लहान झाला. मी कॉफीतली निम्मी त्याच्या पेल्यात ओतली.

"हे काय? तू आणि कॉफी सोडतेस?"

"कडक आहे. सुम्ने, गपचूप पी."

राजवाड्यात चपला बाहेर ठेवून आम्ही अनवाणी आत गेलो. तिथे भिंतींवर मिरवणुकीची मोठी चित्रं आहेत. घोडेस्वारांच्या रांगेत एक आपला पूर्वज आहे, असं आपल्या घरात सांगतात. कोणता, ते दर पिढी वेगळं सांगते. माझे सासरे पांढऱ्या घोड्यावरचा दाखवायचे. आजोबांनी त्यालाच मागे पाठवून पुढचा एक पसंत केला होता. तुमच्या बाबाने लहानपणी सगळ्यांत मोठ्या मिश्यांचा निवडला होता, आणि आताही तो सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अजून मिश्या शाबूत आहेत," तो म्हणाला. मला हसू फुटणार होतं, ते मी ओठ दाबून आत ठेवलं. त्याला वाटलं, मला आजोबांची आठवण आली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्याला तसंच वाटू दिलं.

तिथे स्वच्छतागृह होतं, चांगलं होतं. मी गेले नाही. एकदा गेले असते तर थोड्या वेळाने पुन्हा जावं लागलं असतं, आणि त्याच्या लक्षात आलं असतं. तो मधूनमधून पाण्याची बाटली पुढे करत होता, मी "आत्ता नको मगा, नको बाळा" म्हणत होते. जगनमोहन महालापर्यंत गेलो, परत आलो. रस्त्यात त्याने चुरमुरी घेतली. कच्चा कांदा, गाजर, वर पिळलेलं लिंबू. मीही दोन घास खाल्ले. तिखट घशाशी तसंच बसून राहिलं. जीभ टाळूला चिकटत होती, पण पाय चालत होते आणि मी मनात म्हणत होते, आता फक्त मार्केट, मग कॉफी, मग घर माझं.

देवराज मार्केटमध्ये शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. केळ्यांची गल्ली, मग कुंकवाचे रंगीत ढीग, मग फुलं. मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास एरवी मला घराइतका ओळखीचा. त्या दिवशी तो अंगावर आला. कुंकवाचा लाल रंग पसरत पसरत सगळीकडे झाला, आणि बाबाची हाक मला फार लांबून ऐकू आली.

डोळे उघडले तेव्हा मी फुलांच्या पाट्यांमध्ये आडवी होते. पायांवरची साडी वर सरकलेली. भोवती माणसं. एका फूलवालीने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि फुलांवर शिंपडायचं पाणी ती माझ्या तोंडावर मारत होती. "नीरु कुडी अज्जी, नीरु कुडी," पाणी पी म्हणत ती भरलेला मग माझ्या ओठांना लावत होती आणि मी, तशा अवस्थेतही, ओठ घट्ट मिटून घेत होते. ज्याच्यासाठी रात्रीपासून घसा कोरडा ठेवला, तेच झालं होतं. मला ते कळत होतं. साडी खालून कोमट आणि ओली लागत होती.

त्या बाईलाही कळलं असावं. तिने वर उभ्या माणसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मगातलं उरलेलं सगळं पाणी माझ्या मांडीवर सांडलं. "अय्यो," एवढंच म्हणाली. हात घसरला की तिने मुद्दाम केलं, मला कधी कळणार नाही. तुमच्या बाबाने रुमाल काढून मला पुसायला घेतलं आणि मी त्याचा हात झटकला.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टर एक तरुण मुलगी होती. रक्तदाब तपासला, हृदयाची पट्टी काढली. सगळं ठीक होतं. "आज पाणी किती प्यायलात?" तिने विचारलं.

"नेहमीसारखं."

"डॉक्टर, तिने सकाळपासून एक घोट घेतला नाही," तुमचा बाबा म्हणाला. "मी दहा वेळा दिलं. कॉफीसुद्धा मलाच दिली." आणि मग आवाज खाली आणून, जणू मी तिथे नाहीच, "तिला आठवत नाही बहुतेक."

मला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. ते मी प्यायले, तो समोर उभा होता म्हणून.

बाहेर आलो. तो रिक्षा बघत होता. मी म्हणाले, जरा बसू. रस्त्याच्या कडेला झाडाखाली कट्टा होता. साडी वाऱ्याने सुकत होती. तो फोन हातात घेऊन बसला, पण काही लिहीत नव्हता.

"मला पैज जिंकायची नव्हती गं, अम्मा," तो म्हणाला. "पण हे आता असं नाही चालायचं. आज पाणी विसरलीस, उद्या गॅस विसरशील."

तेव्हा मला कळलं की मी कशात अडकले आहे. गप्प राहिले तर माझी लाज राहत होती. फूलवालीने ती झाकूनही दिली होती. पण मग मी एक विसराळू म्हातारी होत होते, आणि विसराळू म्हातारीला कुणी तीन खोल्यांत एकटं ठेवत नाही, ठेवूही नये. एका बाजूला हे घर आणि दुसऱ्या बाजूला एक शब्द. हसू नका, पण मी बराच वेळ विचार करत होते की घरच द्यावं.

"मी विसरले नाही," मी शेवटी म्हणाले. "मुद्दाम नाही प्यायले. काल रात्रीपासून."

"म्हणजे? कुठला उपास होता?"

"नाही. मला धरवत नाही."

"काय धरवत नाही?"

मी समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत होते. "लघवी," मी म्हणाले. "मार्केटमध्येही झाली. तुला वाटलं ते सगळं पाणी नव्हतं."

त्याने आपल्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. मग घडी घालून तो खिशात ठेवला. मला वाटलं, तो उठून जाईल. मी त्याची आई, त्याला अंघोळ घातलेली बाई, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. कान तापले होते. पुढे ते दसऱ्याचं, आजीचं, पाणी बंदचं, सगळं मी भरभर सांगून टाकलं, जसं परीक्षेत मुलं वेळ संपताना लिहितात तसं.

तो म्हणाला, "थांब. काल रात्रीपासून थेंबभर नाही?"

"अर्धी कॉफी."

"आणि तू राजवाडा केलास. जगनमोहन केलंस. या उन्हात."

"हो."

"अम्मा, मी दोन बाटल्या पिऊन दमलो होतो! मार्केटमध्ये मीच तुला म्हणणार होतो की बसू या." तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "एवढी वर्षं? आणि अप्पांना?"

"त्यांनाही नाही सांगितलं."

"मला तरी कशाला सांगशील," तो म्हणाला. मग थोडा वेळ तोही त्या दुकानाच्या पाटीकडेच बघत बसला. "याला औषध असतं. व्यायाम असतात. मी तुझ्या सुनेला विचारतो."

"सुनेला नको!"

"सुनेलाच विचारणार. तिची आईही घेते औषध."

तुमची पुण्याची आजी! माझ्या मनात तिच्या इस्त्रीच्या साड्या उभ्या राहिल्या. खरं सांगते, त्या क्षणी मला पहिल्यांदा थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली.

रिक्षा आम्ही केली नाही. पैज संध्याकाळच्या कॉफीपर्यंतची होती. हळूहळू चालत हॉटेलपर्यंत गेलो. तो मला दारातच थांबवून गल्ल्यावर गेला आणि आपल्या गंजलेल्या कन्नडमध्ये, सबंध हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नम्म अम्मनिगे टॉयलेटु बेकु! एल्लिदे?" आमच्या आईला टॉयलेटला जायचंय, कुठे आहे ते! सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. एका गृहस्थाने तर इडलीचा घास हातात धरून मला मागचा दरवाजा दाखवला. धरणी दुभंगावी असं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. पण मी गेले. परत आले तेव्हा तुमचा बाबा माझी पर्स छातीशी धरून दाराशी उभा होता.

"आता कॉफी," तो म्हणाला. "पूर्ण."

मी पूर्ण प्यायले. वर पाणीही प्यायले.

ती पुस्तिका त्याने बॅगेत घातली, फाडली नाही. पुढच्या वर्षी आल्यावर बघू, म्हणाला. त्या आधी मी डॉक्टरकडे जायचं आणि पाणी बंद करायचं नाही, ही त्याची अट. डॉक्टरकडे गेले आहे. ते व्यायाम रोज करते. तिथे मला सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि पुन्हा कान तापले. पुढच्या वेळी कमी तापतील, असं तुमची आई म्हणते. अजून तसं झालेलं नाही. तुम्हा दोघांना हे लिहितानाही माझे कान गरम आहेत.

पण तांब्या टेबलावर आहे. हे लिहिताना मी दोनदा उठून जाऊन आले.