बाबांची खुर्ची

इटलीतल्या द्राक्षमळ्यांच्या त्या गावात भर दुपारी धुकं खिडकीला टेकलं होतं. घरच्याच माणसांनी चालवलेल्या छोट्या खाणावळीत गिऱ्हाईक असे आम्ही दोघंच. म्हाताऱ्या मालकिणीने माझ्या नवऱ्याला हाताला धरून चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि न विचारताच त्याच्या गरम सूपमध्ये तांबडी वाइन ओतली.

"बाबा असंच प्यायचे," तिची मुलगी म्हणाली. "आजच्याच दिवशी गेले. या दिवशी त्यांची खुर्ची आम्ही रिकामी ठेवत नाही."

मला आपल्याकडचं श्राद्ध आठवलं. गेलेल्याच्या नावाने आपणही जिवंत माणसाला पाटावर बसवतो, आग्रह करून करून वाढतो. जेवतो नक्की कोण, हे कुणी विचारत नाही.

म्हातारी समोर बसून त्याचा घास न् घास बघत होती. वाइनला कधी न शिवणाऱ्या माझ्या नवऱ्याने वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळापर्यंत रिकामा केला. मग पास्ता, मग मांस. पानात काही उरलं नाही. निघताना म्हातारीचा चेहरा निवलेला दिसला.

संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर तो म्हणाला, "काहीतरी खायला बघ ना. सकाळपासून पोटात काही नाही."