झाडाचं पाणी

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि दुष्काळाने सगळ्यांची कंबर मोडली होती. अशा वेळी मी नांदेडहून उदगीरला गेले, शिक्षकांना समुद्राचं प्रदूषण कसं शिकवायचं ते शिकवायला. समुद्र मीही एकदाच पाहिला होता, पण सांगते कुणाला! तालुक्याच्या साहेबांनी आल्या आल्या ऐकवलं, "बाई, इथं प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही समुद्र घेऊन आलात. उद्या एका शिक्षकाचा पाठ बघतो. जमला तर ठीक, न्हाई तर हा विषय बंद."

मी परातीत पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ टाकलं. हा समुद्र, म्हटलं. अख्खा वर्ग हळहळला. मग वर रॉकेल ओतून तवंग दाखवला, तर कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

देवणीकडच्या एक बाई म्हणाल्या, "मीठ पडलं तवाच पाणी गेलं की. आमच्याकडं खाऱ्या विहिरीला जनावरं बी तोंड लावत न्हाईत. मग रॉकेल पडलं काय अन् न्हाई काय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मासे, कासवं, पाऊस, सगळं सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी, तेही त्या दिवसांत! मी चिडले आणि उद्याचा पाठ त्या बाईंच्याच गळ्यात मारला.

तिथली रीत अशी की जेवून हात धुतलेलं पाणी बादलीत जमवायचं आणि शाळेतल्या लिंबाला घालायचं. दुसऱ्या दिवशी बाईंनी तीच बादली आणून टेबलावर ठेवली. साहेब समोरच बसले होते.

"हे पाणी आपल्या कामाचं हाय का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," सगळे म्हणाले.

बाईंनी रॉकेलची बाटली उघडली आणि बादलीवर तिरकी केली.

"ओ बाई!" साहेब खुर्चीतून उठलेच. "झाडाचं पाणी हाय ते!"

बाईंनी बाटलीला बूच लावलं. "हाव साहेब. समुद्राचं बी तसंच. आपल्या कामाचं न्हाई, पण माशांचं हाय."

साहेब खाली बसले. विषय चालू राहिला. मला इतका आनंद झाला की कालचा राग कुठल्या कुठे पळाला. संध्याकाळी बादली लिंबाला गेली. माझी परात मात्र कोपऱ्यात तशीच होती. ते पाणी कुठं टाकावं, हे कुणालाच सुचेना.